मोटारीची चकाकी : कल्हई नव्हे, रंधा

कोकणातील आपल्या घरांत तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव कोरून घेण्याची रीत होती. आजीच्या माहेरून आलेल्या एखाद्या जुन्या तांब्यावरील ते नाव आज वाचता येत नाही. ते कोणी मुद्दाम खोडले नाही. चिंच आणि राख लावून तांब्या वर्षानुवर्षे घासला गेला, आणि प्रत्येक घासण्याबरोबर धातूचा डोळ्यांना न दिसणारा अंश निघून गेला. ग्लासगोसारख्या शहरी येऊन राहिलेल्या आपल्या बंधुभगिनींनी मोटारीच्या चकाकीसाठी पैसे मोजण्यापूर्वी तो तांब्या एकवार डोळ्यांपुढे आणावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

पुष्कळांची समजूत अशी असते की, पॉलिश म्हणजे एक प्रकारची कल्हई. सणापूर्वी कल्हईवाला येई, भांडे तापवून त्यावर नवसागर व कथील फिरवी, आणि जुन्या भांड्यावर नवा थर चढे. मोटारीच्या रंगावरील ओरखडे काढण्याचे काम, ज्याला येथील व्यावसायिक ‘पेंट करेक्शन’ म्हणतात, ते याच्या नेमके उलट आहे. तो सुताराचा रंधा होय. फळीवरील चरा रंध्याने भरून येत नाही; चऱ्याच्या तळापर्यंत सभोवतालचे लाकूड तासले जाते, म्हणून चरा नाहीसा होतो. आपल्या समाजात सुतारकाम करणारे हात पुष्कळ होऊन गेले. त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागले नसते.

ग्लासगो शहराचा वाहनांच्या रंगाशी जुना संबंध आहे. पोलोकशील्ड्स भागातील अल्बर्ट ड्राइव्हवर कॉर्पोरेशनचा कोपलॉहिल येथील ट्रामचा कारखाना होता. ट्रामच्या वरच्या मजल्यावरील पट्टा तांबडा आहे, हिरवा आहे की पिवळा, हे दुरून पाहून उतारू एके काळी आपला मार्ग ओळखीत. सप्टेंबर १९६२ मध्ये ट्राम बंद झाल्या. १९६४ साली त्याच वास्तूत वाहनांचे संग्रहालय उघडले. पुढे ते केल्व्हिन हॉलमध्ये गेले आणि २०११ पासून क्लाइड नदीकाठच्या रिव्हरसाइड म्युझियममध्ये नांदत आहे. शहराच्या पश्चिमेस लिनवूड येथे १९६३ ते १९७६ या काळात हिलमन इम्प ही छोटी मोटार तयार होत असे. त्या काळच्या साध्या एकरंगी गाडीवर रंगाचाच थर सर्वांत वर असे. तांबडी गाडी पॉलिशने घासली की हातातील चिंधीही तांबडी होई, आणि आपण काय खर्च करीत आहोत हे मालकाला दिसे.

आजच्या गाडीची गोष्ट निराळी आहे. पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर, म्हणजेच क्लिअर कोट असतो. हे सर्व थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १३० मायक्रॉन, अर्थात जाड कागदाएवढी भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातील पारदर्शक थर बहुधा ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाच्या केसाहूनही पातळ. सूर्यातील अतिनील किरणांपासून रंगाचा बचाव तोच करतो. यंत्राने केलेल्या एका करेक्शनमध्ये त्यातील काही मायक्रॉन कायमचे जातात. परंतु लॅकरला रंग नसल्यामुळे चिंधी तशीच राहते, आणि काहीच गेले नाही असा भास होतो.

ओरखडे मात्र येथे लवकर नजरेत भरतात. अलिबाग-रेवदंड्याचा पाऊस पाहिलेल्यांना ग्लासगोच्या पावसाचे भय वाटणार नाही. पण येथे तो वर्षभर थोडाथोडा पडतच असतो, आणि हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर खडेमीठ टाकतात. मीठ, वाळू व चिखल यांचा लेप गाडीवर बसतो. तो फिरत्या ब्रशांच्या यंत्राने किंवा कोरड्या फडक्याने पुसला की वाळूचा प्रत्येक कण लॅकरवर रेघ ओढतो. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य येथे क्षितिजाच्या जेमतेम ११ अंश वर असतो. त्या तिरप्या उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसू लागतात. वास्तविक त्या रेघा सर्व दिशांनी गेलेल्या असतात. प्रकाशाच्या बिंदूभोवती आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून वर्तुळाचा आभास होतो.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी अशीच एक काळी मोटार जुन्या बाजारातून घेतली. मुलीच्या लग्नाला ती नव्यासारखी दिसावी, ही त्यांची हौस. त्यांनी ती एका कारागिराकडे नेली. त्याने यंत्र सुरू करण्यापूर्वी एक छोटे मापक काढून गाडीच्या प्रत्येक भागावर टेकवले. दारांवर ११० च्या आसपास आकडा आला. बॉनेटवर मात्र ७५. मागील मालकाने ती वारंवार घासून घेतली असावी. कारागीर म्हणाला, “दारे करून देतो. बॉनेटला यंत्र लावणार नाही. आज चमकेल, पण पुढे लॅकर सुटून पापुद्रे निघतील, आणि मग नव्याने रंगवण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.” गृहस्थ प्रथम खट्टू झाले. दुसरीकडे नेले असते, तर हेच काम हसत करून देणारा कोणीही भेटला असता. घरी येऊन त्यांनी पत्नीला सांगितले, “आज एका माणसाने माझे पैसे नाकारले, आणि माझेच पैसे वाचवले.” लग्नाला तीच मोटार गेली. बॉनेटवर फक्त मेण लावले होते; कोणाच्या लक्षातही आले नाही.

यावरून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काम देण्यापूर्वी जाडी मोजणार काय, हे विचारावे. मापक सर्व थरांची एकूण जाडी सांगते, केवळ लॅकरची नव्हे. म्हणून जाणता कारागीर निरनिराळ्या भागांची तुलना करतो. एखाद्या जागी आकडा अनेक शेकड्यांवर गेला, तर तेथे लांबी भरून पुन्हा रंग दिलेला असण्याचा संभव मोठा. जुनी गाडी घेताना ही माहिती फार उपयोगी पडते. नख अडकेल इतका खोल ओरखडा पूर्णपणे काढण्याचा हट्ट धरू नये. तो थोडा बोथट करून सोडणे शहाणपणाचे. आधी लहानशा जागेवर सर्वांत सौम्य पॉलिशने प्रयोग करावयास सांगावे. काही पॉलिशांतील तेले व मेण ओरखडे भरून तात्पुरते झाकतात आणि चार धुण्यांनंतर ते पुन्हा दिसू लागतात. म्हणून काम झाल्यावर ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दाखवण्याचा आग्रह धरावा. सिरॅमिक कोटिंगमुळे पाणी व मळ चटकन ओघळतो हे खरे, तथापि त्यामुळे गाडीवर ओरखडे पडतच नाहीत असे नव्हे.

सर्वांत स्वस्त उपाय आपल्या हातात आहे. धुताना आधी भरपूर पाणी मारून वाळू वाहू द्यावी. चाकांच्या कमानी व गाडीचा तळ यांवरील मीठ विसरू नये, कारण गंज तेथूनच लागतो. दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची व एक हातमोजा विसळण्याची. वरून खाली धुवावे, चाकांचे फडके वेगळे ठेवावे, आणि शेवटी मऊ मायक्रोफायबर टॉवेलने हलकेच टिपून घ्यावे. भांडी घासण्याचा साबण वापरू नये. तो मेण धुऊन नेतो. वर्षातून एकदोनदा मेण लावल्यास ती खरी कल्हई होय, कारण तेथे थर चढतो, उतरत नाही.

दूरदेशी कष्टाने घेतलेली पहिली मोटार आरशासारखी दिसावी असे कोणाला वाटणार नाही? ती जरूर चमकवावी. मात्र आजीच्या तांब्यावरील नाव जसे परत आले नाही, तसे एकदा गेलेले लॅकरही परत येत नाही. म्हणून चार रेघा दिसल्या तरी दिसू द्याव्यात. गाडी धुवावी वारंवार, घासावी क्वचितच.