पडद्यावरचे चिलखत, आपल्या मापाचे

आमच्या वीर गावात चिलखत म्हटले की रायगड आठवतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी जिरेटोप आणि चिलखते करता करता माझा या कामात हात बसला. अलीकडे मात्र मुले ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या सैनिकाचा फोटो घेऊन येतात. मुंबईत २०११ पासून कॉमिक कॉनचे मेळावे भरू लागले, तिथे त्यांना जायचे असते. ‘काका, हुबेहूब हवं,’ एवढीच मागणी.

१९७७ च्या त्या चित्रपटातली चिलखते पातळ प्लॅस्टिकची होती. प्लॅस्टिकचा ताव तापवून मऊ करायचा, साच्यावर टाकायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची, म्हणजे तो साच्याला घट्ट बसतो. याला यंत्र लागते. नवख्याने त्यात पैसे घालू नयेत. व्यायामशाळेत जमिनीवर अंथरतात तो ईव्हीए फोम घ्यावा. छाती-पाठीला ८ ते १० मिलिमीटर जाडी पुरते, बारीक कामाला २ ते ३.

कापण्याआधी माप. जुना सदरा घालून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी, फार आवळू नये. तीवर चिलखताच्या रेषा पेनाने आखाव्यात आणि दुसऱ्याकडून पाठीवर जपून कापून घ्यावे. हा तुमच्या अंगाचा नमुना. तो पुठ्ठ्यावर उतरवून आधी पुठ्ठ्याचेच चिलखत घालून पाहावे. पडद्यावरचा नट तुमच्या उंचीचा नसतो. त्याचे इंच मोजण्यापेक्षा छातीचा भाग कमरेच्या किती वर थांबतो, दोन तुकड्यांत फट किती, हे प्रमाण जुळवावे. पाहणाऱ्याच्या डोळ्याला तेच ‘हुबेहूब’ वाटते.

फोम नव्या पात्याने कापावा. चपला जोडायचे सोल्युशन दोन्ही कडांना लावून, बोटाला चिकटेनासे झाले की मगच कडा दाबाव्यात. आमच्याकडे पावसाळ्यात याला जास्त वेळ लागतो. घाई केली की सांधा सुटतो. नंतर हीट गन हलकेच फिरवावी, म्हणजे फोमची छिद्रे मिटतात. पांढऱ्या फेविकॉलचे दोन-तीन पातळ हात देऊन रंग लावावा. सोल्युशनची वाफ आणि तापल्या फोमचा धूर वाईट, म्हणून हे काम बंद खोलीत न करता पडवीत करावे.

सर्वांत महत्त्वाचे शिरस्त्राण. त्या चित्रपटातच एक सैनिक आत शिरताना दारावर डोके आपटतो आणि प्रसंग तसाच राहून गेला आहे. पडद्यावर हसू येते, गर्दीत येत नाही. एका उन्हाळी मिरवणुकीत विकतचा बंद टोप घातलेला मुलगा चक्कर येऊन खाली बसला; टोपाचा पट्टा सोडवायला तिघे लागले. म्हणून हनुवटीखाली आणि मागे हवेला वाट ठेवावी. आपल्या पावलांपुढची जमीन दिसली पाहिजे, टोप स्वतःच्या हाताने झटकन निघाला पाहिजे, आणि बरोबर एक साध्या वेषातला सोबती हवा.

तुकडे वेल्क्रो आणि बकलांनी जोडावेत. वीरहून गाडीने मुंबईला जायचे तर चिलखत पिशवीत मावले पाहिजे आणि अंगावर असताना बसताही आले पाहिजे. सुरुवात एका मनगटपट्टीने करावी. ती दिवसभर घालून टोचली नाही, तर पुढच्या रविवारी छातीला हात घालावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)