मधुमेह आणि मंदावलेले जठर
दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेल्या मधुमेहाने पाय बधिर होतात हे सर्वश्रुत आहे; परंतु मेंदूपासून उदरापर्यंत जिचा अंमल चालतो ती व्हेगस नाडीही त्याच व्याधीने क्षीण होते, आणि एरवी मिनिटाला सुमारे ३ वेळा आकुंचन पावणारे जठर अन्न पुढे ढकलण्यास असमर्थ ठरते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. पॉल कॅसँडर यांनी १९५८ साली या विकाराला नाव दिले. चार घासांतच पोट भरणे, मळमळ, दुपारचे अन्न रात्री उलटून पडणे ही त्याची लक्षणे. खरा धोका मात्र निराळाच: इन्सुलिन ठरल्या वेळी आपले कार्य करते, अन्न जठरातच तुंबलेले असते, त्यामुळे जेवूनही रक्तातील साखर एकाएकी उतरते व काही तासांनी बेसुमार चढते, या चढउताराचा ठपका रुग्णाच्या पथ्यपालनावर ठेवणे हा उघड अन्याय होय. किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले अन्न देऊन ४ तासांनी त्याचा १० टक्क्यांहून अधिक अंश जठरात उरला, तर निदान पक्के होते. मधुमेह्यास एरवी हितकर असणारी मोडाची उसळ वा कोशिंबीर अशा जठरास सोसत नाही. त्याला मऊ, घोटलेले, कमी स्निग्ध अन्न थोडेथोडे द्यावे लागते, आणि इन्सुलिनची वेळही डॉक्टरांकडून नव्याने मुक्रर करून घ्यावी लागते.