कॉलेजचा प्रशिक्षक एनबीएत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलमधला एखादा नावाजलेला प्रशिक्षक एनबीए या व्यावसायिक लीगकडे निघाला, की तो तिथे टिकणार नाही हे भाकीत ठरलेलेच असते. त्याला आधारही आहे. लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाला १९९० मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या जेरी टार्केनियन यांना १९९२ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने अवघ्या २० सामन्यांनंतर नारळ दिला. मिशिगनचे जॉन बीलाइन २०१९ मध्ये क्लीव्हलँडला गेले आणि १४ विजय, ४० पराभव पदरात घेऊन पहिला हंगाम संपण्याआधीच पायउतार झाले. पण ही उदाहरणे म्हणजे नियम नव्हे. १९७७ मध्ये पोर्टलँडला, १९७८ मध्ये वॉशिंग्टनला आणि १९८१ मध्ये बॉस्टनला अजिंक्यपद मिळवून देणारे अनुक्रमे जॅक रॅमसे, डिक मोटा आणि बिल फिच हे तिघेही कॉलेजमधूनच आलेले. मोटांना त्यासाठी दहा वर्षे लागली, फिच यांना अकरा. आणि दोघांनाही ते आपल्या दुसऱ्या संघाकडून मिळाले. आज इतका धीर कोणता मालक धरेल, हा प्रश्नच आहे.

यशस्वी माणसाच्या हाती सगळी सूत्रे दिली की काम फत्ते, हा समज अधिक घातक. कॉलेजमध्ये प्रशिक्षक खेळाडूच्या घरी जातो, आईवडिलांशी बोलतो आणि हवा तो मुलगा आपल्याकडे वळवतो. एनबीएत नवे खेळाडू ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी क्रमाक्रमाने केलेल्या निवडीतून येतात, पगारांवर कमाल मर्यादा असते आणि संघबांधणी सहसा जनरल मॅनेजर पाहतो. केंटकीला १९९६ चे विजेतेपद मिळवून देणारे रिक पिटिनो १९९७ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक झाले, आणि अध्यक्षही. आदल्या हंगामात संघाने ८२ पैकी १५ सामने जिंकले होते. निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत तळाच्या संघांना झुकते माप असते, त्यामुळे पहिला क्रमांक लागून सगळ्यांना हवा असलेला कॉलेजचा खेळाडू टिम डंकन हाती येण्याची सर्वाधिक शक्यता बॉस्टनचीच होती. बॉस्टनच्या दोन निवडींना सोडतीत निघाले तिसरा आणि सहावा क्रमांक. तिसऱ्यावर पिटिनोंनी चॉन्सी बिलप्सला घेतले, सहाव्यावर केंटकीतला आपलाच शिष्य रॉन मर्सर याला. बिलप्सला मात्र ५१ सामन्यांतच टोरांटोला देऊन टाकले. हाच बिलप्स २००४ च्या अंतिम मालिकेत डेट्रॉइटकडून सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा डेट्रॉइटचे प्रशिक्षक होते लॅरी ब्राउन: १९८८ मध्ये कॅन्ससला कॉलेजचे विजेतेपद मिळवून देणारे, आणि दोन्हीकडची विजेतेपदे नावावर असलेले एकमेव. पिटिनो १०२ विजय आणि १४६ पराभवांनंतर जानेवारी २००१ मध्ये बाजूला झाले.

त्याच बॉस्टनमध्ये २०१३ साली बटलर विद्यापीठाचे ३६ वर्षांचे ब्रॅड स्टीव्हन्स आले. खेळाडूंची निवड संघबांधणी पाहणाऱ्या डॅनी एंज यांच्याकडेच राहिली. स्टीव्हन्स फक्त संघ खेळवत राहिले. पहिल्या हंगामात २५ विजय आणि ५७ पराभव, तरी कोणी त्यांना हलवले नाही. पुढे २०१७, २०१८ आणि २०२० मध्ये संघ पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला. संघबांधणीची सूत्रे त्यांच्याकडे आली ती २०२१ मध्ये, प्रशिक्षकपद सोडताना.

खेळ तोच, फक्त खेळाडू मोठे, असेही मानले जाते. कॉलेजमधला पुरुषांचा सामना ४० मिनिटांचा, दोन सत्रांत होतो आणि चेंडू बास्केटकडे टाकायला ३० सेकंद मिळतात. एनबीएत १२ मिनिटांची चार सत्रे आणि २४ सेकंद. कॉलेजच्या हंगामात साधारण ३०-३५ सामने, इथे ८२. सरावाला दिवसच उरत नाहीत. शिवाय एनबीएत बचाव करणारा खेळाडू कोणाला जवळून अडवत नसेल, तर बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबू शकत नाही. उंच खेळाडूला मध्ये उभा करून रचलेला कॉलेजचा झोन बचाव, म्हणजे प्रतिस्पर्ध्याऐवजी जागा राखणारा बचाव, इथे जसाच्या तसा चालत नाही.

राहिला पैसा. एनबीए म्हणजे बढती आणि ती कोणी नाकारत नाही, हेही खरे नाही. फ्लोरिडाला २००६ आणि २००७ अशी सलग विजेतेपदे मिळवून देणाऱ्या बिली डोनोव्हन यांनी २००७ मध्ये ऑर्लँडोला होकार दिला आणि काही दिवसांतच मागे घेतला. ते एनबीएत गेले ते २०१५ मध्ये, ओक्लाहोमा सिटीला. कनेटिकटला २०२३ आणि २०२४ मध्ये विजेतेपद मिळवून देणाऱ्या डॅन हर्ली यांच्यापुढे लॉस एंजलिस लेकर्सने सहा वर्षांसाठी सुमारे ७ कोटी डॉलर ठेवले होते. जून २०२४ मध्ये त्यांनी ते नाकारले आणि कॉलेजमध्येच राहिले.