पगाराचा आकडा आणि हातातली शिल्लक

मालवण, देवगड, वेंगुर्ला, बांदा या पट्ट्यातील आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर कमावत आली आहेत. पूर्वी मुंबई गोदीतून बोटीवर खलाशी म्हणून, आणि १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यानंतर कुवेत, सौदी, दुबई येथे. १९५० च्या दशकात आखातात आपलाच रुपया चालत असे, त्यामुळे तिथली मजुरी इथल्या भावाशी सरळ ताडून पाहता येई. १९६१ मध्ये कुवेतने आपला दिनार काढला, इतर देशांनीही आपापली नाणी काढली, आणि आपल्याकडे गुणाकाराची सवय लागली. ३,५०० दिरहम म्हटले की घरातली सगळी मंडळी लगेच रुपये करायला बसतात. पण दुबईचा घरमालक भाडे रुपयांत घेत नाही.

आम्ही कापडवाले. नवखे गिऱ्हाईक नुसता मीटरचा भाव विचारते, जाणकार आधी पन्हा विचारतो. ३६ इंच पन्ह्याचे स्वस्त कापड ५८ इंचीपेक्षा शेवटी महाग पडते, कारण ते जास्त लागते. परदेशी नोकरीत पगार म्हणजे मीटर, आणि राहणे, जेवणे, जाणे-येणे कोणाच्या खर्चाने, हा पन्हा.

समजा, एका टेलरमास्तरला दुबईहून दोन पत्रे आली. पहिल्यात ३,५०० दिरहम, बाकी सर्व स्वतःचे. दुसऱ्यात २,२००, पण खोली, मेस आणि कामावर नेणारी बस मालकाची. पहिल्या नोकरीत एका खोलीत चार-सहा जणांत एका खाटेचे ९०० धरा, जेवणाचे ६००, बस-मेट्रोच्या पासाचे ३५०, फोन, साबण, दवापाणी १५०. दोन हजार गेले, उरले १,५००. दुसऱ्या नोकरीत किरकोळ खर्च ३०० धरला तरी १,९०० उरतात. म्हणजे १,३०० ने लहान दिसणारा पगार हातात ४०० जास्त देतो. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. ज्याला जायचे आहे त्याने तिथे राहणाऱ्या दोन-तीन गाववाल्यांना विचारून त्या त्या वस्तीचे खरे भाव घालावेत. तसेच १ जानेवारी २०१८ पासून अमिरातीत बहुतेक खरेदीवर ५ टक्के व्हॅट लागतो, तो विसरू नये.

बिवी-मुलांना नेण्याचा विचार असेल तर हिशेब मुळापासून बदलतो. खाटेच्या जागी फ्लॅट येतो आणि शाळेची फी येते. सौदीत तर कुटुंबातील प्रत्येक माणसामागे सरकारी शुल्क बसवले गेले. जुलै २०१७ मध्ये ते दरमहा १०० रियाल होते, दरवर्षी वाढून २०२० मध्ये ४०० झाले. त्या दराने बायको आणि दोन मुले यांचे वर्षाला १४,४०० रियाल होतात, तेही घरभाड्याच्या आधी. त्या काळात कितीतरी कुटुंबे परतली ती यामुळेच. पगार मोठा असेल तर खुशाल न्यावे. नाहीतर पहिली दोन वर्षे एकट्याने काढावीत, हे आमचे स्पष्ट मत आहे. बापाविना मुले वाढवणे सोपे नाही हे आम्ही जाणतो, पण उसनवारी करून संसार तिकडे मांडला तर दोन्हीकडून जाते.

पत्रात आणखी एक आकडा बारकाईने पाहावा, तो बेसिकचा. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा पगार, पुढे वर्षाला ३० दिवसांचा. ३,५०० पैकी बेसिक १,४०० आणि बाकी भत्ते असे लिहिले असेल तर पाच वर्षांनी ४,९०० दिरहम मिळतील. २,२०० पूर्ण बेसिक असेल तर ७,७००. भत्त्यांनी फुगवलेला पगार इथेही मार खातो.

आता जाण्याचा खर्च. परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असलेल्या एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जी.एस.टी., म्हणजे ३५,४०० घेता येतात. याहून जास्त मागणारा परवानाधारक असो वा ओळखीचा चाचा, तो तुमच्या पहिल्या वर्षाची शिल्लक खातो आहे. अमिरातीत तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मालकाला कायद्याने मनाई आहे. ‘आझाद व्हिसा’च्या नावाने दीड-दोन लाख मोजणाऱ्याने ती रक्कम वर काढलेल्या शिलकेने भागून पाहावी. किती महिने फुकट राबायचे ते कळेल. त्यासाठी शिलाई मशीन, होडी किंवा बिवीचे दागिने विकू नयेत. हत्यार घरी असले तर परत आलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागतो.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर इ.सी.आर.चा शेरा असतो. त्यांना नोकरीसाठी आखातात जाताना प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सची मंजुरी लागते. ती टाळून व्हिजिट व्हिसावर पाठवणारे भेटतात, पण मंजुरीबरोबरच प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा असतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात. २०१७ च्या सुधारणेत त्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये, अधिक कर, असा ठरला. त्या पॉलिसीची, नोकरीच्या कराराची आणि पासपोर्टची एकेक झेरॉक्स निघण्यापूर्वी घरच्यांच्या हाती द्यावी.