लांबच्या वाटेने आलेला अल्बम

'टेकिंग द लाँग वे' हा डिक्सी चिक्स या बँडचा अल्बम २३ मे २००६ रोजी अमेरिकेतल्या दुकानांत आला, तेव्हा त्यातली चौदा गाणी ऐकण्याआधीच लोकांचे त्याविषयीचे मत पक्के झाले होते. तीन वर्षांपूर्वी बँडच्या गायिकेने राष्ट्राध्यक्षांविरुद्ध उच्चारलेले एक वाक्य ज्यांना खुपले होते, त्यांनी तो घ्यायचा नाही हे ठरवलेच होते. ज्यांना ते वाक्य धीराचे वाटले होते, ते केवळ त्या धीरासाठी तो घेत होते. या ओढाताणीत हा अल्बम संगीत म्हणून कसा आहे ही गोष्ट मागे पडली, आणि बऱ्याच अंशी ती आजही मागेच आहे. कंट्री, लॉस एंजेलिसचा रॉक, पॉप, सोल, रॉकबिली असे कितीतरी प्रवाह त्यात एकत्र आले आहेत. राहत्या घरातून बाहेर काढलेल्या माणसाने हाती लागेल ते सामान घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड थाटावे, तसे हे मिश्रण गरजेतून झालेले आहे. म्हणूनच ते खरे वाटते.

बँडची सुरुवात १९८९ साली टेक्ससमधल्या डॅलस शहरात झाली. मार्टी आणि एमिली अर्विन या दोघी बहिणी, त्यांच्यासोबत लॉरा लिंच आणि रॉबिन लिन मेसी. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून ब्लूग्रास, म्हणजे कंट्रीतले तंतुवाद्यांवरचे पारंपरिक संगीत, वाजवण्यापासून त्यांनी सुरुवात केली. मार्टीच्या हाती फिडल, एमिलीच्या हाती बँजो. आपल्या वराती-मिरवणुकांत कळा दाबून वाजवतात तो बँजो हा नव्हे. कातड्याने मढवलेल्या गोल तोंडाचे, नखीने छेडायचे हे तंतुवाद्य अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी घडवले आणि पुढे ते दक्षिणेतल्या डोंगराळ भागात गोऱ्यांच्या संगीताचेही प्राण झाले. पुढे लॉरा आणि रॉबिन बँडमध्ये राहिल्या नाहीत, आणि १९९५ मध्ये नॅटली मेन्स मुख्य गायिका म्हणून आली. तिचे वडील लॉइड मेन्स हे टेक्ससमधले नावाजलेले स्टील गिटारवादक. नॅटलीचा आवाज धारदार आणि मोकळा. तो मध्ये, आणि दोन्ही बाजूंनी बहिणींचे सूर. ही तिहेरी स्वरसंगती या बँडची खरी ओळख आहे. १९९८ चा 'वाइड ओपन स्पेसेस' आणि १९९९ चा 'फ्लाय' हे दोन्ही अल्बम अमेरिकेत प्रत्येकी एक कोटीच्या वर खपले. २००२ चा 'होम' तर ड्रम्सना हातही न लावता जवळजवळ शुद्ध ब्लूग्रासमध्ये केलेला, आणि तरीही तो लाखोंनी खपला.

मग १० मार्च २००३ ची संध्याकाळ आली. इराकवरचा हल्ला दहा दिवसांवर होता. लंडनच्या शेपर्ड्स बुश एम्पायर या नाट्यगृहात नॅटली प्रेक्षकांना म्हणाली की हे युद्ध आम्हांला नको आहे आणि राष्ट्राध्यक्ष टेक्ससचे आहेत याची आम्हांला लाज वाटते. ब्रिटिश वृत्तपत्रात हे छापून आले आणि समुद्रापलीकडे वणवा पेटला. त्या वेळी त्यांचे 'ट्रॅव्हलिन सोल्जर' हे गाणे बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर होते. व्हिएतनामला गेलेल्या एका तरुण सैनिकाचे आणि त्याची वाट पाहणाऱ्या मुलीचे ते गाणे. सैनिकाविषयी इतक्या हळुवारपणे गाणाऱ्यांना देशद्रोही ठरवून ते गाणे बघता बघता यादीतून नाहीसे झाले. ल्विझियानात लोकांनी त्यांच्या सीडी ट्रॅक्टरखाली चिरडल्या. टोबी कीथ हा कंट्री गायक आपल्या कार्यक्रमांत नॅटली आणि सद्दाम हुसेन यांचे जोडून केलेले चित्र मागच्या पडद्यावर दाखवू लागला. जुलैमध्ये डॅलसच्या कार्यक्रमाआधी नॅटलीला गोळी घालण्याची धमकी आली. त्या तिघी पोलिसांच्या पहाऱ्यात रंगमंचावर गेल्या आणि पूर्ण कार्यक्रम करून उतरल्या.

श्रोते रागावले हे खरेच, पण गाणी बंद पडण्याचे कारण तेवढेच नव्हते. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरची बंधने सैल केली होती. शेकडो केंद्रे मोजक्या कंपन्यांच्या हाती गेली. क्युम्युलस या कंपनीने आपल्या सगळ्या कंट्री केंद्रांवरून डिक्सी चिक्सची गाणी काढून टाकली, आणि जुलै २००३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे तिच्या प्रमुखांना जॉन मॅकेन यांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले. मॅकेन त्याच राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे होते हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कंट्री संगीतात रेडिओ म्हणजे मुख्य दरवाजा. कार्यक्रमांची तिकिटे, पुरस्कार, दुकानातली जागा, सगळे त्या दरवाजातून जाते. तो दरवाजा तिघींच्या तोंडावर बंद झाला होता.

अशा वेळी त्यांनी रिक रूबिन यांना गाठले. रूबिन हे हिप-हॉपमधल्या डेफ जॅम कंपनीचे एक संस्थापक, रेड हॉट चिली पेपर्सचे निर्माते. उतारवयातल्या जॉनी कॅशला १९९४ पासून एका गिटारीसह पुन्हा उभे करणारेही तेच. कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या कोणत्याही कंपूत ते बसत नव्हते. कंट्री गायकांनी रॉकचा पोशाख चढवावा असे त्यांना नको होते. एखाद्या उत्तम रॉक बँडने मनापासून कंट्री अल्बम करावा तसा हा व्हावा, ही त्यांची दृष्टी होती. त्याहून मोठा बदल लेखनात झाला. नॅशव्हिलची रीत अशी की गाणी लिहिणारे वेगळे, निवडणारे वेगळे, वाजवणारे वेगळे. चिक्सनी आधीही काही गाणी लिहिली होती, पण मुख्यतः त्या इतरांची गाणी गात. या वेळी चौदाही गाण्यांच्या लेखनात तिघींची नावे आहेत. सोबतीला सेमिसॉनिकचा डॅन विल्सन, जेहॉक्सचा गॅरी लुरिस, क्राउडेड हाउसचा नील फिन, शेरिल क्रो, लिंडा पेरी, ब्लूज गायक केब मो. साथीला टॉम पेटीच्या हार्टब्रेकर्समधले माइक कॅम्बेल आणि बेनमॉन्ट टेंच, चिली पेपर्सचा ड्रमर चॅड स्मिथ, आणि ज्यांच्या पियानोवर सायमन-गारफंकेलचे 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' उभे आहे ते लॅरी नेक्टेल.

या नावांवरूनच ध्वनीची कल्पना येते. ड्रम्स परत आले आहेत, तेही भरदार. हार्टब्रेकर्सच्या पद्धतीची खणखणीत गिटार गाण्याच्या कडा धरून ठेवते, ऑर्गनचा सूर खाली पसरलेला असतो. 'होम'मध्ये फिडल आणि बँजो यजमान होते, इथे ते पुढच्या रांगेतून मागे सरकले आहेत. अनेक कंट्री रसिकांना हे दुखले, आणि त्यांचे दुःख मला समजते. एमिलीची बोटे ज्याने 'होम'वर ऐकली आहेत त्याला इथे ती शोधावी लागतात. पण नीट ऐकले तर दोन्ही वाद्यांना नवे काम मिळालेले दिसते. पहिल्याच 'द लाँग वे अराउंड'मध्ये बँजो गाण्याला आतून चालवत राहतो, चाकाच्या आऱ्यांची फिरती हालचाल त्याच्याकडे आहे आणि वजन गिटारींकडे. मार्टीचे फिडल अनेकदा एकट्याने मिरवत नाही, इतर व्हायोलिनांच्या थरात मिसळून जाते.

या सगळ्याला बांधून ठेवते ती स्वरसंगती. गाणे कितीही रॉककडे झुकले तरी ध्रुवपदावर बहिणी वरच्या आणि खालच्या स्वरात आल्या की आपण पुन्हा टेक्ससमध्ये असतो. सत्तरच्या दशकातल्या कॅलिफोर्नियातही असेच तिहेरी गळे होते, त्यामुळे लॉस एंजेलिसचा रॉक आणि टेक्ससचे ब्लूग्रास यांना जोडणारा सांधा रूबिन यांना आयता मिळाला.

'नॉट रेडी टू मेक नाइस' हे गाणे या अल्बमचा चेहरा झाले. हलक्या गिटारीवर, जवळजवळ पुटपुटत सुरू होऊन ते पायरी पायरीने चढत जाते, आणि धमकीच्या पत्राचा उल्लेख येतो तिथे नॅटलीचा आवाज फाटायच्या बेतात येऊन थांबतो. क्षमा करायला मी तयार नाही, असे एखाद्या बाईने इतक्या उघडपणे म्हणणे कंट्रीत फार क्वचित ऐकू आले होते. 'लबक ऑर लीव्ह इट'मध्ये नॅटली आपल्या जन्मगावाच्या दांभिकपणावर तुटून पडते. लबक हे बडी हॉलीचेही गाव, आणि गाण्याचा पळता रॉकबिली ठेका त्याच्याच वारशातला आहे. ज्या गावाला बोल लावायचे त्याच गावच्या ठेक्यावर ते लावायचे, ही जागा मला विलक्षण आवडते. शेवटचे 'आय होप' गॉस्पेल आणि सोलकडे वळते. सप्टेंबर २००५ मध्ये कटरिना वादळग्रस्तांसाठी झालेल्या कार्यक्रमात ते प्रथम गायले गेले.

पण माझ्या मते अल्बमचे काळीज आणखी आत आहे. 'सो हार्ड' हे मूल होत नसलेल्या स्त्रीचे गाणे. मार्टी आणि एमिली दोघींनी वंध्यत्वावरचे उपचार घेतले होते आणि त्याविषयी त्या उघडपणे बोलल्या होत्या. 'सायलेंट हाउस' स्मृतिभ्रंशावर आहे. 'लल्लबाय' अंगाई, 'ईझी सायलेन्स' घरात मिळणाऱ्या शांततेविषयी. २००३ च्या प्रसंगावर थेट बोलणारी गाणी मोजकीच आहेत. बाकीचा अल्बम तिशीतल्या तीन बायकांच्या संसाराचा, थकव्याचा, मुलांचा आणि म्हाताऱ्या माणसांचा आहे. म्हणजे विषय अस्सल कंट्रीचेच आहेत, वाद्यमेळ तेवढा परका. त्याला राजकीय अल्बम म्हणणाऱ्यांनी, मग ते बाजूचे असोत वा विरोधातले, तो अर्धाच ऐकला.

उणिवाही आहेत. चौदा गाणी जास्त झाली. मधल्या टप्प्यात लय एकाच मध्यम गतीला रेंगाळते आणि प्रत्येक गाणे हळू सुरू होऊन मोठे होण्याची युक्ती ओळखीची होते. 'होम'मधला मिश्कीलपणाही इथे फारसा उरलेला नाही.

पहिल्या आठवड्यात ५ लाख २६ हजार प्रती खपल्या आणि अल्बम बिलबोर्डच्या मुख्य आणि कंट्री अशा दोन्ही याद्यांत अग्रस्थानी आला. रेडिओने मात्र दार उघडले नाही. 'नॉट रेडी टू मेक नाइस' कंट्री यादीत ३६ व्या क्रमांकापुढे गेले नाही. बँडच्या बाजूनेही तडजोड नव्हती. नॅटलीने २००३ मध्ये राष्ट्राध्यक्षांची माफी मागितली होती, ती तिने 'टाइम' साप्ताहिकात मागे घेतली. मार्टीने आम्हांला थोडे पण आमच्यासारखे श्रोते पुरेत, टोबी कीथच्या शेजारी आमची सीडी ठेवणारे नकोत, अशा अर्थाचे म्हटले. हे दुसरे विधान मला अन्यायाचे वाटते. रेडिओ कंपन्यांचा राग सामान्य श्रोत्यावर निघाला, आणि बँडवर अजूनही माया असलेले काही जण त्याने दुखावले असतील. दौऱ्यातले अमेरिकेतले काही कार्यक्रम तिकिटे न खपल्याने रद्द झाले आणि कॅनडातले वाढवले गेले. हा सगळा काळ बार्बरा कॉपल आणि सिसिलिया पेक यांच्या 'शट अप अँड सिंग' या माहितीपटात टिपला आहे.

११ फेब्रुवारी २००७ ला ग्रॅमी समारंभात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध गायलेल्या जोन बाएझ यांनी या तिघींची ओळख करून दिली, तिघींनी 'नॉट रेडी टू मेक नाइस' गायले, आणि पाच नामांकनांतून पाचही पुरस्कार जिंकले. वर्षाचा अल्बम, वर्षाचे रेकॉर्ड आणि वर्षाचे गाणे ही तिन्ही त्यांत होती. त्यानंतर गाणे बिलबोर्डच्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकावर पोचले. युद्धाबद्दलचे देशाचे मत एव्हाना पालटले होते, आणि पुरस्कारांत थोडी भरपाईची भावना होती यात मला शंका नाही. पण भरपाई म्हणून मिळालेली बक्षिसे नेहमी इतक्या चांगल्या अल्बमला मिळत नाहीत.

पुढचा स्टुडिओ अल्बम, 'गॅसलायटर', यायला २०२० उजाडले. त्याच वर्षी जूनमध्ये नावातला 'डिक्सी' हा गुलामगिरीच्या दक्षिणेची आठवण देणारा शब्द त्यांनी काढून टाकला आणि त्या 'द चिक्स' झाल्या. मधल्या काळात त्यांचे उदाहरण नव्या मुलींना धाकासारखे सांगितले जात राहिले. नॅशव्हिलमध्ये घडलेल्या टेलर स्विफ्टने २०२० च्या 'मिस अमेरिकाना' माहितीपटात सांगितले की राजकारणावर बोलू नकोस, डिक्सी चिक्ससारखी होऊ नकोस, असे तिच्या कानावर सतत पडत आले. २०१९ च्या 'लव्हर' अल्बममध्ये आपल्या आईच्या आजारपणावरच्या गाण्यासाठी तिने याच तिघींना बोलावले. त्या गाण्यात मार्टीचे फिडल आहे, एमिलीचा बँजो आहे, आणि पाठीमागे तीच स्वरसंगती आहे.