दर आरला ४७० रुपये

वेल्ह्याहून केळदकडे जाताना वाटेत पासली लागतं. भाताची खाचरं, वर वरकस जमीन, त्यावर नाचणी-वरई. सातबाऱ्यावर या सगळ्याचं माप हेक्टर-आरमध्ये. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा जेमतेम एक चौरस मीटर कमी. आता गंमत बघा. ७८६ किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद असतो. म्हणजे बरोबर एक आर!

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, म्हणजे ३०७ कोटी ७१ लाख ठिपके. उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी हे सगळं पुन्हा टिपते. वर्षाला ७३ फेऱ्या, सुमारे २२,४६३ कोटी नोंदी. जून ते सप्टेंबर मात्र सह्याद्रीवर ढगांचं झाकण असतं आणि माती वाहून जायचे दिवस नेमके तेच. ढगाआडचं पाहायला रडार लागतं. भारत-अमेरिकेचा निसार हा असाच रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला.

एवढ्या नोंदी असूनही ताल, म्हणजे उतारावरच्या खाचराचा बांध, दिसत नाही. समजा, उतारावरचं एक खाचर चार मीटर रुंद आणि २५ मीटर लांब आहे. क्षेत्र भरतं पूर्ण एक आर, पण दहा मीटर रुंदीचा चौकोन त्यात बसणार कुठून? ठिपक्यात अडीच खाचरं, मधले बांध आणि बांधावरचं गवत एकत्र कालवलं जातं. मग यंत्र त्याला कधी शेत म्हणतं, कधी गवताळ रान. सेंटिनेलच्या चित्रांवरून केलेल्या २०२१च्या जागतिक भूआच्छादन नकाशात जमिनीचे फक्त ११ प्रकार आहेत आणि त्याची अचूकता ७६.७ टक्के. म्हणजे चारातलं जवळजवळ एक उत्तर चूक. डोंगरउतारावरच्या गावाने अशा नकाशावर किती विसंबायचं ते ठरवावं.

आणि त्या एका ठिपक्यावर पडतं किती? १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका आरवर १०,००० लिटर पाणी. घाटमाथ्याला असा दिवस काही नवलाचा नाही. हेक्टरी ते १० लाख लिटर होतं, आणि त्याला थोपवायला असतो दगडमातीचा बांध. सरकारने लष्कर आणि पोलीस लावून असे बांध घालून द्यावेत, ही मागणी जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली होती. बांधबंदिस्तीसाठी मुंबई प्रांताचा जमीन सुधारणा कायदा झाला तो १९४२ साली, ५९ वर्षांनी. आजही मृदसंधारणाच्या कामांत उतारावर खाचरं काढायला ‘मजगी’ म्हणतात. जुन्या भातशेतीच्या दुरुस्तीचं कामही त्यातच येतं.

बांध फुटला आणि माती गेली, की आपत्ती मदतीचे निकष लागतात: खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये. भागाकार करा, एका आरला ४७० रुपये. एका आरवरची अर्धा फूट खोल माती भरते साधारण २० टन. म्हणजे किलोला अडीच पैसेसुद्धा नाहीत! ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांची भर जाहीर केली. ती धरली, तरी भाव किलोमागे अठरा पैशांच्या आतच राहतो. दोन-तीन सेंटिमीटर माती तयार व्हायला हजार वर्षंही लागू शकतात, असं जागतिक अन्न व कृषी संघटना सांगते. त्या हिशेबाने अर्धा फूट मातीला पाच ते साडेसात हजार वर्षंही लागू शकतील.

म्हणून ग्रामसभेत कामांचा आराखडा ठरेल, तेव्हा मजगीची आणि बांधदुरुस्तीची कामं गटनंबरासह लिहून द्या. ढासळलेल्या तालीचा फोटोही पावसाळ्याआधीच काढून ठेवा, कारण तो उपग्रह काढणार नाही.