गोंगाट न सोसणाऱ्या मुलांसाठी

स्वमग्न मुलाला गर्दीत नेले की ते कान झाकते, किंचाळते आणि बघणारे म्हणतात, ‘लाडावलंय!’ हा लाडाचा प्रकार नव्हे. आवाज, उजेड, वास, स्पर्श सारेच त्याच्या अंगावर एकदम येते. १९९५ च्या अपंग कायद्यातील ७ प्रकारांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत ती आली.

अमेरिकेत २००७ पासून दिवे चालू ठेवून, आवाज कमी करून अशा मुलांसाठी चित्रपटाचे खेळ होऊ लागले. यवतमाळ, पुसद, दारव्ह्यात तशा पाटीची वाट पाहत बसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वेळ आपणच निवडावी. आठवडी बाजार दुकाने मांडली जात असतानाच दाखवावा. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात भोंगा नाही, डीजे नाही. मात्र गाडीचे धक्के काहींना सोसत नाहीत, तेव्हा आधी गावातच छोटी फेरी मारून पाहावी. तुरीच्या दाण्यांत हात घालणे, माती कालवणे यांस तर अंगण पुरते.

जयंतीची मिरवणूक हा मात्र आपल्या घरचा प्रश्न. सारा मोहल्ला रस्त्यावर आणि ते मूल, त्याची आई दार लावून आत! सकाळच्या वंदनेला, डीजे लागण्यापूर्वी, त्याला नेता येते. विहाराची एक खोली त्या दिवशी शांत ठेवावी. चटई, पंखा एवढे पुरे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. कानावरच्या आवाजरोधकांची मागणी ग्रामसभेत लेखी द्यावी व पोच घ्यावी.